जंघाबल : नडगीचा अस्थिभंग आणि हाडातील सळई

साधुजीवनाच्या परिभाषेत ‘जंघाबल’ असा एक शब्द आहे. आजच्या मराठीत ‘जांघ’ म्हटले की मांडीच्या वरचा भाग डोळ्यांपुढे येतो. परंतु संस्कृतातील ‘जंघा’ म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय. या भागातील बळ ते जंघाबल. ते क्षीण झाले आणि विहार अशक्य झाला, म्हणजे वृद्ध साधु-साध्वींना एके ठिकाणी स्थिरवास करण्याची मोकळीक श्वेतांबर परंपरेने दिली आहे. दिगंबर मुनींना तर आहारही उभ्यानेच, करपात्रात घ्यावयाचा असतो; पायांनी साथ सोडली की प्रश्न चालण्यापुरता राहत नाही, तो आहाराचाच होऊन बसतो. श्रावकांचे जीवन इतके कठोर नसले तरी तेही पायांवरच उभे आहे. सम्मेदशिखरजीची 27 किलोमीटरांची वंदना असो, कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायऱ्या असोत, की पेढीवर दिवसभर उभे राहणे असो. हे सारे ज्या हाडाच्या भरवशावर चालते ते हाड म्हणजे नडगी.

हे हाड मोडले की घरात दोन प्रश्न उठतात. पहिला मोठ्याने विचारला जातो : पुन्हा पूर्वीसारखे चालता येईल का? दुसरा जरा दबक्या आवाजात : रॉड घालावाच लागेल का? ‘रॉड घातला’ या शब्दांभोवती आपल्याकडे पुष्कळ भीती साचलेली आहे. पाय आता परका झाला, थंडीत दुखत राहणार, जन्मभर जपावे लागणार, अशा समजुती नातेवाईक भेटीला येताना फळांच्या पिशवीबरोबर घेऊन येतात. म्हणून या सळईचे काम नेमके काय आणि घरच्या मंडळींचे काम काय, हे थोडे सविस्तर पाहू.

नडगीचे वेगळेपण

गुडघा व घोटा यांच्यामध्ये दोन हाडे असतात. आतील बाजूचे जाड हाड म्हणजे नडगी. शरीराचा बहुतेक सर्व भार तेच वाहते. बाहेरील बाजूचे बारीक हाड मुख्यत्वे स्नायूंना आधार देते आणि खाली घोट्याची बाहेरची भिंत होते. बहुधा दोन्ही एकदम मोडतात. मात्र नडगी सरळ बसवली की बारीक हाड सहसा आपोआप जुळून येते.

आपल्या पायावर समोरून बोट फिरवून पाहावे. नडगीच्या आतल्या अंगाला कातडीखाली थेट हाडच लागते, मध्ये स्नायूंचे आवरण नाही. मांडीचे हाड चहूबाजूंनी मांसल स्नायूंत बुडालेले असते, नडगीला ते भाग्य नाही. या एका गोष्टीतून तिच्या सगळ्या अडचणी निघतात. आघात झाला की मोडलेले टोक कातडी फाडून सहज बाहेर येते. हाडाला रक्त पोहोचवणाऱ्या स्नायूंचे आच्छादन तोकडे असल्याने, विशेषतः घोट्याकडील तिसऱ्या हिश्श्यात, ते सावकाश जुळते. जखम झाकायला पुरेसे मांसही जवळ नसते. दुचाकीस्वाराच्या पायावर मोटारीचा दर्शनी भाग नेमका याच उंचीवर आदळतो. साखर कारखान्यांच्या हंगामात रात्री दिव्याविना चालणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांना धडकणारे तरुण दक्षिण महाराष्ट्रातील डॉक्टरांना चांगलेच परिचित आहेत. महामार्गाच्या कडेने पहाटे विहार करणाऱ्या साधु-साध्वींनाही याच वाहनांपासून धोका असतो.

पहिले काही तास

शस्त्रक्रिया कोणती करायची हे दुसऱ्या दिवशी ठरले तरी बहुधा चालते. पाय वाचणार की नाही हे मात्र पुष्कळदा पहिल्या काही तासांत ठरते, आणि त्या वेळी रुग्णाजवळ डॉक्टर नसतात, आपण असतो.

मोडलेला पाय आहे त्या स्थितीत, वरचा गुडघा व खालचा घोटा दोन्ही हलणार नाहीत अशा बेताने आधाराला बांधावा. फळी नसेल तर उशी गुंडाळावी, तीही नसेल तर दुसऱ्या धड पायाला बांधावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हाड बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नये. जखमेवर हळद, चहापूड किंवा माती टाकू नये. स्वच्छ कापडाने झाकावे एवढेच. अशा उघड्या अस्थिभंगात प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितका जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. शक्यतो तासाभरात ते मिळावे.

याहून फसवा प्रकार असतो तो वरून जखम न दिसणाऱ्या पायाचा. पोटरीतील स्नायू चार बंद कप्प्यांत बसविलेले असतात. कप्प्यांच्या भिंती ताठ असतात, त्या ताणल्या जात नाहीत. आत रक्तस्राव व सूज वाढत गेली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायू गुदमरू लागतात. डॉक्टर यास कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. सहा ते आठ तासांत स्नायूंची हानी कायमची होऊ शकते. पाय दगडासारखा घट्ट लागतो. दुखापतीच्या मानाने वेदना फार असतात, औषधानेही त्या शमत नाहीत. पायाची बोटे दुसऱ्याने हलक्या हाताने ताणली तरी रुग्ण किंचाळतो. पुढे पाऊल बधिर होते. पावलावरची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ती शेवटपर्यंत लागू शकते. अशा वेळी पट्टी किंवा प्लॅस्टर ताबडतोब सैल करून शल्यविशारदाकडे न्यावे लागते व तो कप्पे उघडून दाब मोकळा करतो. ती जखम मोठी दिसते, घरचे घाबरतात. पण तिच्यामुळेच पाय वाचतो.

हाडवैद्यांविषयी येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. पिढीजात कौशल्य असलेले काही जण असतील, त्यांचा अनादर करण्याचा हेतू नाही. परंतु ताज्या मोडलेल्या, सुजत चाललेल्या नडगीवर बांबूच्या कामट्या करकचून बांधण्याने पाय काळा पडून कापावा लागल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात वारंवार नोंदवलेली आहेत. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने 1975 पासून ज्यांचे पाय गेले त्यांना कृत्रिम पाय देऊन उभे केले, याचा आपल्या समाजाला रास्त अभिमान आहे. त्याच करुणेचा अगोदरचा अर्धा भाग म्हणजे आपल्या गल्लीतला पाय वेळेत रुग्णालयात पोहोचवणे. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अशा अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. त्या योजनेतील रुग्णालय कोणते, ही माहिती प्रत्येक मंदिराच्या फलकावर असायला हरकत नाही.

प्लॅस्टर, पट्टी की सळई

प्रत्येक नडगीत सळई घालावी लागत नाही. हाड फारसे सरकलेले नसेल तर प्लॅस्टर आजही उत्तम काम करते. अमेरिकेतील ऑगस्तो सार्मिएंतो यांनी 1960च्या दशकात गुडघ्याखालील बेताचे, चालता येईल असे प्लॅस्टर व पुढे सुटे आधारपट्टे वापरून दाखवून दिले की नडगीवर भार देत चालल्याने ती बिघडत नाही, उलट जुळण्यास मदत होते. लहान मुलांत तर बहुधा प्लॅस्टरच. त्यांच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा थर असतो, त्यातून जाड सळई नेता येत नाही. गरज पडलीच तर बारीक लवचीक तारा त्या थराला वगळून घालतात. सांध्यालगतच्या तुकड्यांना पट्टी व स्क्रू बरे पडतात. फार चिरडलेल्या, माती गेलेल्या जखमेत आधी बाहेरून चौकट लावून हाड स्थिर करतात आणि जखम सावरल्यावर पुढचे ठरवतात.

उरतो तो सर्वांत मोठा गट : मोठ्या माणसाची, मधल्या भागात मोडलेली व सरकलेली नडगी. तिच्यासाठी गेली काही दशके जगभर पहिली पसंती आहे ती हाडाच्या पोकळीतील सळईला.

नडगी म्हणजे भरीव काठी नव्हे, ती वेळूसारखी पोकळ आहे व तिच्या पोकळीत मज्जा असते. मोडलेला वेळू जोडायचा तर बाहेरून दोरी गुंडाळता येईल, किंवा आतून एक काठी दोन्ही तुकड्यांत सरकवता येईल. दुसऱ्या रीतीत आधार बरोबर भाराच्या मध्यरेषेवर येतो. बाहेरून बसविलेली पट्टी एका कडेला असते, तिच्यावर वाकवणारा ताण पडतो. आतली सळई हाडाबरोबर भार वाटून घेते. शिवाय मोडलेल्या जागेवरची कातडी उघडावीच लागत नाही, त्यामुळे तेथे साकळलेले रक्त व हाडाभोवतीचे नाजूक आवरण, ज्यांतून नवे हाड तयार होते, ती तशीच राहतात. नडगीसारख्या कातडीला चिकटलेल्या हाडासाठी हा फायदा फार मोठा आहे.

ही कल्पना एका दिवसात आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील काही शल्यविशारदांनी हाडाच्या पोकळीत चक्क हस्तिदंताच्या खुंट्या ठोकून पाहिल्या. त्या टिकल्या नाहीत, आणि हत्तींच्या दृष्टीने ते बरेच झाले. आजच्या सळईचा जनक म्हणजे जर्मनीतील कील या बंदराच्या शहरातील गेरहार्ट क्युंचर. त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केल्यानंतर नोव्हेंबर 1939 मध्ये मांडीच्या हाडात पोलादी सळई घातली. प्राण्यांवरील प्रयोगांचा हा उल्लेख आपल्या वाचकांना बोचेल. परंतु तो गाळून इतिहास सांगणे योग्य झाले नसते. 1940 मध्ये बर्लिनच्या शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी हे काम मांडले तेव्हा ज्येष्ठांनी त्याकडे संशयाने पाहिले. मज्जेत धातू घालणे म्हणजे हाड मारणे, असा त्या काळचा समज होता. पुढे महायुद्धातून सुटून आलेल्या इंग्रज व अमेरिकी युद्धकैद्यांच्या मांडीच्या क्ष-किरण चित्रांत लांबलचक सळया दिसू लागल्या आणि त्यांचे डॉक्टर चकित झाले. ज्यांना महिनोन्‌महिने वजने लटकवून खाटेवर पडावे लागले असते, ते शत्रूच्या रुग्णालयातून चालत घरी आले होते.

पहिल्या सळईत एक उणीव होती. हाडाचे अनेक तुकडे असले तर पाय आखडे किंवा गोल फिरे. 1970च्या दशकात सळईच्या दोन्ही टोकांना भोके ठेवून हाडातून आडवे स्क्रू पार करण्याची रीत रूढ झाली. त्या आडव्या कुलुपांनी लांबी व फिरणे दोन्ही जागेवर राहतात, आणि जवळजवळ संपूर्ण नडगीला ही पद्धत लागू करता येऊ लागली.

हे कुलूप व खिळा पाहताना जैन वाचकाला एक वेगळीच ओळख पटावी. आपल्या कर्मसिद्धांतात नामकर्माच्या प्रकृतींमध्ये ‘संहनन’ सांगितले आहे, म्हणजे अस्थिबंधाचे सहा प्रकार. त्यांतील सर्वोत्तम वज्रऋषभनाराच संहनन. त्याच्या प्रचलित विवेचनात हाडे एकमेकांत दोन्ही बाजूंनी अडकलेली, वरून वेष्टन असलेली आणि आरपार खिळ्याने दृढ केलेली, असे वर्णन येते. उतरत्या क्रमात नुसत्या खिळ्याने जोडलेल्या अस्थींचा कीलक अथवा कीलित हा पाचवा प्रकार आहे. आपल्या शास्त्रकारांना आजची शस्त्रक्रिया ठाऊक होती, असा दावा यातून कोणी करू नये. तो विषय शरीराच्या बळाचा व ध्यानाच्या पात्रतेचा आहे, रुग्णालयाचा नाही. पण बळकट हाड कशाला म्हणावे याचा विचार करताना अडकवणे, वेष्टणे आणि खिळणे या तीन गोष्टी त्यांना सुचल्या, हे वाचून कुतूहल वाटते खरे. या पंचमकाळात उत्तम संहनन कोणाच्याच वाट्याला नाही. मोडणे हे आपल्या अस्थींच्या स्वभावातच आहे.

शस्त्रक्रियागृहात

बहुधा कमरेतून इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात. गुडघ्याच्या वाटीखाली, किंवा अलीकडे वाटीच्या वर, लहान छेद घेऊन नडगीच्या माथ्याला समोरून भोक पाडतात. तेथून एक बारीक तार पोकळीत सरकवून, सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर पाहत, मोडलेल्या जागेपलीकडे खालच्या तुकड्यात नेतात. त्या तारेवरून फिरत्या पात्यांनी पोकळी थोडी रुंद करतात. सळई जितकी जाड तिच्याहून एक-दीड मिलिमीटर अधिक. यातून निघणारा हाडाचा चुरा मोडलेल्या जागी साचतो व जुळण्यास उपयोगी पडतो. मग 8 ते 11 मिलिमीटर जाडीची योग्य सळई बसवून वर-खाली आडवे स्क्रू घालतात. कुशल हातांत बहुधा तास-दोन तासांचे काम आहे. मोठी जखम गुडघ्याशी असते व स्क्रूंसाठी चार-पाच बारीक छेद असतात. जेथे हाड मोडले ती जागा अनेकदा न उघडलेलीच राहते, हे पाहून नातेवाइकांना नवल वाटते.

ज्या रुग्णालयात सी-आर्म नाही तेथे काय करावे? या प्रश्नावर अमेरिकेतील डॉ. लुईस झर्कल यांनी 1999 मध्ये साइन नावाची संस्था काढून उत्तर दिले. त्यांच्या भरीव सळईला बाहेरून एक मार्गदर्शक दांडा जोडतात व त्याच्या मापाने स्क्रूची भोके सापडतात. क्ष-किरण पडद्यावाचून बसविता येणारी ही सळई गरीब देशांतील रुग्णालयांना देणगीरूपाने पुरविली जाते.

पोलाद घ्यावे की टायटॅनियम, यावर कुटुंबे फार वेळ खर्च करतात. माझ्या मते नडगीच्या बाबतीत धातूपेक्षा सळई कशी बसवली, हाडाचा बाक व फिरणे बरोबर साधले का, यालाच महत्त्व अधिक. पैशांची ओढाताण असेल तर पोलादी सळई घेतल्याने रुग्णावर अन्याय होत नाही.

जैन घराने आधीच विचारावे असे काही

शस्त्रक्रियेपूर्वी साधारणतः घन आहार सहा तास आणि साधे पाणी दोन तास बंद ठेवतात. चौविहार पाळणाऱ्या रुग्णाने मात्र आदल्या सूर्यास्तापासून पाणीही घेतलेले नसते. त्याचा क्रमांक दुपारी लागला तर सोळा-अठरा तास तो कोरडा असतो, आणि वयस्क माणसाला, मधुमेह्याला किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला ते बाधू शकते. हे भूलतज्ज्ञांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगितले तर ते सकाळी पहिला क्रमांक देऊ शकतात. रात्रीच्या गोळ्यांचेही तसेच. पुष्कळ औषधे सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी अशी बसवता येतात. जी बसत नाहीत त्यांबाबत गुरुमहाराजांकडून अपवाद व प्रायश्चित्त विचारून घ्यावे, स्वतः निर्णय घेऊन औषध चुकवू नये.

दुसरा प्रश्न औषधांच्या उगमाचा. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात टोचतात ते एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते. ते टाळायचे असल्यास संपूर्णपणे रासायनिक रीतीने तयार होणारे फोंडापॅरिनक्स आहे, तसेच रिव्हारोक्सॅबॅनसारख्या गोळ्या आहेत. मूत्रपिंडाची स्थिती व रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर त्यांतून निवडू शकतात. आतील टाक्यांसाठी पूर्वी सर्रास वापरला जाणारा कॅटगट हा गाई-मेंढ्यांच्या आतड्यांचा धागा. आज कृत्रिम विरघळणारे धागे सर्वत्र मिळतात. रक्त थांबवण्यासाठी वापरतात तो जिलेटिनचा स्पंज आणि अनेक कॅप्सूलांचे कवच प्राणिज असते. हाड भरण्याची पाळी आली तर बैलाच्या हाडाच्या तयार कणांऐवजी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा चुरा वापरता येतो, आणि गुणाने तोच सरस ठरतो.

ही यादी भय घालण्यासाठी दिलेली नाही. आदल्या दिवशी शांतपणे, कागदावर लिहून विचारले तर बहुतेक डॉक्टर समजून घेतात. ऐन शस्त्रक्रियेच्या दारात वाद घातला तर सर्वांचीच अडचण होते. जेथे पर्याय नाही व जिवाचा किंवा पायाचा प्रश्न आहे, तेथे औषध नाकारू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्यागी-व्रतींच्या बाबतीत वाहनाने नेणे, शस्त्रक्रिया, रात्रीचे उपचार या साऱ्यांचा निर्णय त्यांचा स्वतःचा व संघाचा. श्रावकांनी उतावीळपणे स्वतःचे मत लादू नये, पण वैद्यकीय वस्तुस्थिती, विशेषतः तासांचे महत्त्व, त्यांच्यापुढे स्पष्ट मांडावी.

सळई हाड जुळवत नाही

सळई हाडाला जुळवत नाही, फक्त धरून ठेवते. जुळण्याचे काम शरीर करते. मोडलेल्या जागी आधी रक्ताचा गोळा, मग मऊ कूर्चेसारखी गाठ, मग कच्चे हाड आणि शेवटी पक्के हाड, असा हा क्रम आहे. बंद अस्थिभंगाला साधारण चार-पाच महिने लागतात, उघड्याला अधिक. या काळात बेताचा भार व हालचाल मिळाली तर गाठ चांगली धरते. म्हणून मधल्या भागातील, फारसे तुकडे नसलेल्या अस्थिभंगात डॉक्टर पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच वॉकर देऊन पाय टेकवायला सांगतात. तुकडे अनेक असतील किंवा मोड सांध्याजवळ असेल तर काही आठवडे थोडाच भार. किती व केव्हा हे शल्यविशारदच सांगतील; पण त्यांनी ‘टेकवा’ म्हटल्यावर घरच्यांनी ‘नको, आत रॉड आहे’ म्हणू नये. मी पाहिलेल्या घरांत रुग्णाला चालण्यापासून सर्वांत जास्त अडवते ती माया. सासूबाईंना पलंगावरून उठू न देणारी सून त्यांचा घोटा आखडण्यास, पोटरी सुकण्यास व गुठळी होण्यास नकळत हातभार लावत असते. घोटा व बोटे पहिल्या दिवसापासून, दर तासाला हलवावीत.

तंबाखू व धूम्रपान यांमुळे हाड जुळण्यास विलंब होतो. व्यसनत्यागाचा उपदेश नेहमी ऐकणाऱ्या समाजातही गुटख्याची पुडी खिशात बाळगणारे आहेत. त्यांना क्ष-किरण चित्र दाखवून समजावणे कदाचित अधिक परिणामकारक ठरेल. मधुमेह काबूत हवा.

आहाराविषयी ‘अंडी, मटणाचा रस्सा घ्या, त्याशिवाय हाड जुळत नाही’ असा सल्ला रुग्णालयाच्या खाटेशेजारी हमखास मिळतो. त्यात तथ्य नाही. हाडाला प्रथिने, कॅल्शियम, ड व ब-12 जीवनसत्त्व हवे. ते कोठून येते याची त्याला फिकीर नसते. बरे होत असलेल्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. 55 किलोच्या गृहिणीला म्हणजे 55 ते 80 ग्रॅम, आणि पातळ वरण-भातावर ती पुरी होत नाहीत. घट्ट मूग, चणे, शेंगदाणे, पनीर, दूध, ताक असे दिवसाच्या प्रत्येक जेवणात हवे. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी कडधान्य व दही-ताक वेगवेगळ्या वेळी घ्यावे, त्याने प्रथिने कमी होत नाहीत. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तीळही उत्तम. कॅल्शियमच्या काही गोळ्या शिंपल्यांपासून बनतात, तेव्हा वेष्टन वाचून खनिज कॅल्शियम किंवा सायट्रेट मागावे. ड-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. ते नको असल्यास दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासून केलेले ड-3 किंवा ड-2 मिळते. ‘हाडांसाठी कोलॅजेन’ म्हणून विकली जाणारी महागडी भुकटी प्राण्यांच्या कातडी-हाडांची असते. तिच्यावाचून काहीही अडत नाही. अठ्ठाई, दशलक्षण पर्वातील उपवास किंवा वर्षीतप या काळात आले तर त्या वर्षापुरते स्वाध्याय व सामायिक हेच तप मानावे, असा सल्ला अनेक गुरुजन स्वतःच देतात.

वाट पाहणे आणि पुढचे

तीन महिने झाले तरी चित्रात फट दिसते, म्हणून कुटुंब अस्वस्थ होते व दुसऱ्या शस्त्रक्रियेचा आग्रह धरते. कॅनडातील डॉ. मोहित भंडारी व सहकाऱ्यांनी कॅनडा, अमेरिका व नेदरलँड्समधील 1226 रुग्णांवर केलेला स्प्रिंट नावाचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. पोकळी रुंद करून सळई घालणे बंद अस्थिभंगात सरस ठरू शकते, हा त्याचा एक निष्कर्ष. दुसरा मला अधिक मोलाचा वाटतो : हाड जुळले नाही म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय सहा महिने लांबवला, तर पुष्कळ रुग्णांना तिची गरजच पडत नाही. त्यानंतरही जुळले नाही तर एका टोकाचे स्क्रू काढून हाडावर भार येऊ देणे, किंवा जुनी सळई काढून अधिक जाड घालणे, असे उपाय आहेत. समोरून व बाजूने काढलेल्या दोन चित्रांत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांतील तीन भरून आल्या आणि भार देताना दुखेनासे झाले, म्हणजे हाड जुळले असे मानतात. ताप, जखमेतून पाझर किंवा वाढती वेदना असेल तर मात्र वाट पाहू नये, लगेच दाखवावे.

तक्रार राहते ती बहुधा मोडलेल्या जागेची नव्हे, गुडघ्याची. सळई तेथून आत गेलेली असते. गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखणे ही या शस्त्रक्रियेनंतरची सर्वांत सामान्य तक्रार आहे. ते चालताना फारसे जाणवत नाही, गुडघे टेकताना जाणवते. म्हणजे नेमके खमासमण देताना, पंचांग नमस्कार करताना. जाड आसन किंवा उशी घेतल्याने बरेच निभते. न निभल्यास उभ्याने किंवा खुर्चीवर बसून वंदन करावे. डोंगर चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर ताण अधिक येतो, तेव्हा शिखरजी किंवा शत्रुंजयाची पहिली यात्रा हाड पक्के जुळल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर, हातात काठी घेऊन करावी आणि उतरताना घाई टाळावी.

सळई काढावीच लागते असे नाही. दुखत नसेल, स्क्रू कातडीखाली टोचत नसेल, तर ती जन्मभर आत राहिली तरी बाधत नाही. नेहमीच्या पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या सळईमुळे एमआरआय तपासणीलाही सहसा अडथळा येत नाही, फक्त आधी सांगून ठेवावे. काढायची झाल्यास हाड पूर्ण जुळून साधारण दीड-दोन वर्षे गेल्यावर. गुडघेदुखी त्याने कित्येकांची कमी होते, सर्वांची होत नाही, हे आधी विचारून घ्यावे. काढल्यानंतर स्क्रूची भोके भरून येईपर्यंत काही आठवडे धावणे, उड्या मारणे व वजन उचलणे टाळावे लागते. साधे चालणे मात्र त्याच दिवसापासून सुरू करता येते.